सर्व्हरला एसएसडी दिसत नाही, म्हणजे नेमकी कोणाला दिसत नाही?

बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात कितीतरी पतसंस्था, उद्यमबागेतले कारखाने, एक्स-रे व स्कॅनची केंद्रे, छापखाने आणि फोटो स्टुडिओ आता स्वतःचा लहानसा स्टोरेज सर्व्हर बाळगून असतात. तो बहुधा जिन्याखाली किंवा तिजोरीच्या खोलीत ठेवलेला असतो, चोवीस तास चालतो आणि बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पूर्वी त्यात हार्ड डिस्क असायच्या. आता त्यांच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्क, आल्या आहेत. त्यांच्याबद्दलची तक्रार मात्र फोनवर नेहमी त्याच शब्दांत येते : “डिस्क दिसत नाही.”

या तक्रारीवर विचारण्याचा पहिला प्रश्न असा, की साहेब, कोणाला दिसत नाही? ऑपरेटरच्या पडद्यावर फोल्डर उघडत नाही, की सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला डिस्क सापडत नाही, की सर्व्हर सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बायोस या प्रोग्रॅमच्या यादीतच तिचे नाव नाही? हे तीन निरनिराळे बिघाड आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर धडधाकट डिस्कवरचा डेटा पुसला जाऊ शकतो. दुरुस्तीतले निम्मे काम म्हणजे डिस्क कोणत्या टप्प्यावर नजरेआड झाली ते ठरवणे होय.

हे टप्पे एकदा नीट समजून घेतले पाहिजेत. कॅडीत, म्हणजे सरकत्या चौकटीत, बसवलेली एसएसडी स्लॉटमध्ये सरकवली की तिला आधी बॅकप्लेनमधून, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या ज्या उभ्या पट्टीवर सगळ्या डिस्क टेकतात तिच्यातून, वीज मिळते. वीज मिळाल्यावर डिस्कच्या आतला छोटा प्रोसेसर स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्यात कायम भरलेला प्रोग्रॅम, वाचून जागा होतो. मग डिस्क आणि समोरचा, डिस्कशी देवाणघेवाण करणारा कंट्रोलर यांच्यात कोणत्या वेगाने बोलायचे हे ठरते. त्यानंतर कंट्रोलर तिला आपल्या यादीत घेतो, बायोस त्या यादीची दखल घेतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा ड्रायव्हर तिला डिस्क म्हणून नाव देतो. त्याच्या वर अनेक डिस्कचा मिळून एक गट करणारी रेड किंवा झेडएफएससारखी रचना असते आणि सर्वांत वर ते फोल्डर, जे ऑपरेटरला दिसते किंवा दिसत नाही. खालचा टप्पा पार पडल्याशिवाय वरचा पार पडत नाही. म्हणून तपास करताना मधूनच कुठेतरी सुरुवात करण्यापेक्षा डिस्क शेवटची कुठे दिसली ते शोधावे आणि त्याच्या लगेच पुढच्या टप्प्यावर बोट ठेवावे.

प्रत्येक टप्प्याला एक साक्षीदार आहे. विजेची साक्ष कॅडीवरचा दिवा देतो. कंट्रोलरची साक्ष त्याच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर मिळते. सर्व्हरच्या बोर्डवर देखरेखीची वेगळी चिप असते, आयड्रॅक किंवा आयएलओ या नावांनी ती ओळखली जाते. तिची नोंदवही मुख्य सिस्टीम बंद असतानाही वाचता येते आणि डिस्क किती वाजता गेली ते तिथे लिहिलेले सापडते. लिनक्समध्ये ‘डीमेसेज’ ही आज्ञा कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, पाहिलेले सगळे सांगते, ‘एलएसपीसीआय’ पीसीआय मार्गावर, म्हणजे बोर्डला कार्डे व वेगवान डिस्क ज्यावर जोडतात त्या मार्गावर, काय काय जोडले आहे ते दाखवते आणि ‘एलएसबीएलके’ डिस्क म्हणून काय मान्य झाले ते दाखवते. समजा सरळ पीसीआय मार्गावर जोडलेल्या डिस्कचे ‘एलएसपीसीआय’मध्ये नाव आहे आणि ‘एलएसबीएलके’मध्ये नाही, मग वीज, केबल आणि स्लॉट यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटला, बिघाड त्याच्या वर आहे. दोन आज्ञांच्या उत्तरांतला हा फरक स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी पाहिला तर पुष्कळ वेळ वाचतो.

काय करू नये, हे मात्र त्याच्याही आधी सांगितले पाहिजे. विंडोजला एखादी डिस्क ओळखता आली नाही की तो ती ‘इनिशियलाइझ’ करायची का असे नम्रपणे विचारतो. रेड कार्डला अनोळखी मांडणीची डिस्क दिसली की ते ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडल्याचे सांगून ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’ असे दोन पर्याय पुढे ठेवते. संस्थेचे व्यवस्थापक अशा वेळी शेजारी उभे राहून “सर, काउंटरवर रांग लागली आहे, काहीतरी दाबा” असे म्हणतात आणि ते समजण्यासारखे आहे. पण ‘क्लिअर’ दाबल्यावर डिस्कवरची रेडची ओळखच पुसली जाते. ‘इम्पोर्ट’ हा पुष्कळदा योग्य पर्याय असतो, तरीही त्या गटातली एखादी डिस्क महिन्यापूर्वीच बाहेर पडली होती आणि आज केबल हलल्यामुळे परत आली असेल, तर तिच्यावरचा महिन्यापूर्वीचा शिळा डेटा पुन्हा गटात शिरण्याचा धोका राहतो. म्हणून आधी नोंद वाचावी, मग बटण दाबावे.

दुसरी चूक याहून महाग पडते, ती म्हणजे भलतीच डिस्क ओढून काढणे. लिनक्समध्ये ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे कायमची नसतात. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीसी’ असू शकते. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालते, पण त्या अवस्थेत दुसरी चांगली डिस्क बाहेर काढली की सगळा गट कोसळतो. यासाठी डिस्कची ओळख तिच्या अनुक्रमांकावरूनच पटवावी आणि शक्य असेल तर कंट्रोलरकडून त्या स्लॉटचा दिवा लुकलुकवून खात्री करावी. सर्व्हर बसवतानाच प्रत्येक कॅडीच्या दर्शनी कडेला अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे चिकटवून ठेवले तर पुढे कोणालाही अंदाज बांधावा लागत नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे, तरी ते केलेला सर्व्हर क्वचितच पाहायला मिळतो.

अदलाबदलीची चाचणी

आता प्रत्यक्ष तपासाकडे येऊ. दिसत नसलेल्या डिस्कबाबत सर्वांत जास्त माहिती देणारी चाचणी अगदी साधी आहे. सर्व्हर रीतसर बंद करावा, कोणती डिस्क कोणत्या स्लॉटमध्ये होती याचे छायाचित्र घ्यावे आणि संशयित डिस्क चालू स्लॉटमध्ये व चालू डिस्क संशयित स्लॉटमध्ये घालून पाहावे. तक्रार डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. तक्रार स्लॉटपाशीच राहिली तर दोष बॅकप्लेन, केबल किंवा कंट्रोलरच्या त्या पोर्टचा. झेडएफएस, लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड आणि बहुतेक आधुनिक रेड कार्डे डिस्कला जागेवरून नव्हे, तर तिच्यावर लिहिलेल्या खुणेवरून ओळखतात, त्यामुळे या अदलाबदलीने गट मोडत नाही. तरीही जुन्या कार्डांच्या बाबतीत जोखीम नको, म्हणून मूळ जागांची नोंद हवीच.

दोष स्लॉटपाशी राहिला तर बॅकप्लेनच्या मागे पाहावे. मोठ्या बॅकप्लेनला विजेचे दोन-तीन वेगळे प्लग असतात आणि प्रत्येक प्लग काही ठरावीक स्लॉटांना वीज देतो. एका ओळीतल्या सगळ्या डिस्क एकाच वेळी नाहीशा झाल्या तर त्या सगळ्या एकदम मेल्या असण्यापेक्षा एक प्लग सैल झाला असण्याचीच शक्यता अधिक. चार डिस्क एकदम गेल्या आणि चारही एकाच केबलवर होत्या, तर संशय केबलवर घ्यावा, कारण सर्व्हरमधली एक जाड केबल बहुधा चार डिस्कची वाहतूक करते. कोणत्या डिस्क गेल्या यापेक्षा त्या डिस्कमध्ये सामाईक काय आहे, हा प्रश्न लवकर उत्तर देतो.

आपल्या भागाच्या हवेचाही इथे संबंध येतो. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, तीच ओल बंद खोलीतल्या सर्व्हरच्या संपर्कपट्ट्यांवरही बसते आणि त्यांवर पातळ थर चढतो. मग डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि काढून पुन्हा बसवली की ‘आपोआप बरी’ होते, कारण बसवताना तो थर खरवडला गेलेला असतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रींजवळ वेगळाच त्रास आहे. तिथल्या धुळीत धातूचा बारीक कण असतो आणि तो वीजवाहक असल्याने नुसत्या मातीपेक्षा घातक ठरतो. संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, लव न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात. खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, म्हणून मला ती पसंत नाही.

सॅटा या साध्या जोडणीच्या डिस्कची केबल खराब होत चालल्याचे डिस्कच आधी सांगते. ‘स्मार्ट’ नावाच्या तिच्या आरोग्यपत्रकात १९९ क्रमांकाचा रकाना असतो, त्यात वाटेत बिघडून पोहोचलेल्या संदेशांची मोजदाद होते. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का, हे पाहावे. याच सुमारास कर्नलच्या नोंदीत दर सेकंदाला ६ गिगाबिटचा वेग ३ वर आणि मग १.५ वर उतरवल्याचे संदेश येऊ लागतात. अशी डिस्क बदलून काही फायदा होत नाही, नवी डिस्कही त्याच केबलवर अडखळते.

जुळणीचे घोटाळे

नवी डिस्क आणली आणि ती पहिल्या दिवसापासूनच दिसली नाही, तर बिघाडापेक्षा जुळणीचा संशय घ्यावा. या भागात नव्या-जुन्या एसएसडी पुण्याहून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवरून मागवल्या जातात, आणि ‘सर्व्हरची एसएसडी द्या’ एवढेच सांगून मागवलेली डिस्क आपल्या सर्व्हरला चालेलच असे नाही.

अडीच इंची एसएसडीचे जोडणीनुसार तीन मुख्य प्रकार आहेत : सॅटा, सॅस आणि एनव्हीएमई. बाहेरून त्या सारख्याच दिसतात, टोकाशी निरखून पाहिले तरच फरक कळतो. सॅटा डिस्कच्या टोकाला डेटाची अरुंद पट्टी आणि विजेची रुंद पट्टी यांच्यामध्ये मोकळी फट असते. सॅस डिस्कमध्ये ती फट भरलेली असते. सॅस कंट्रोलरला सॅटा डिस्क चालते, सॅटा कंट्रोलरला सॅस डिस्क चालत नाही. एनव्हीएमई डिस्क या दोघींपेक्षा वेगळी, कारण ती सरळ पीसीआय मार्गावरून बोलते. तिच्यातही यू.२ आणि यू.३ असे दोन पोटप्रकार आहेत. यू.३ डिस्क यू.२च्या स्लॉटमध्ये चालते, पण यू.२ डिस्क केवळ यू.३साठी बांधलेल्या स्लॉटमध्ये चालत नाही. तिला वीज मिळते, दिवाही लागतो, पण डेटाचे मार्ग वेगळ्या टाचांवर असल्याने कंट्रोलरला तिचा पत्ताच लागत नाही. दिवा लागला म्हणजे सगळे ठीक, हा समज इथे फसवतो.

पट्टीसारख्या लहान एम.२ डिस्कची कथाही अशीच आहे. एम.२ हे आकाराचे नाव आहे, भाषेचे नाही. त्याच आकारात सॅटा बोलणाऱ्या डिस्क मिळतात आणि एनव्हीएमई बोलणाऱ्याही. बोर्डवरचा स्लॉट कोणती भाषा जाणतो हे बोर्डच्या पुस्तिकेतच पाहावे लागते. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की सॅटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांचा मार्ग सामाईक असतो. नवी डिस्क दिसू लागली आणि जुनी नाहीशी झाली, तर हेच घडले असण्याची दाट शक्यता आहे.

केबलांमधला एक घोटाळा तर अनुभवी माणसालाही चकवतो. एका टोकाला सॅसचा चौकोनी प्लग आणि दुसऱ्या टोकाला सॅटाच्या चार तारा, अशी केबल दोन प्रकारची येते. कार्डापासून चार सुट्या डिस्कपर्यंत जाणारी ती सुलट आणि बोर्डवरच्या चार सॅटा पोर्टांपासून बॅकप्लेनपर्यंत जाणारी ती उलट. दोन्ही दिसायला हुबेहूब सारख्या असतात, दोन्ही घट्ट बसतात, पण आतल्या तारांची जोडणी वेगळी असते. चुकीची केबल लावली तर एकही डिस्क दिसत नाही आणि माणूस कार्ड, बॅकप्लेन, डिस्क सगळे बदलून थकतो. खरेदीच्या पावतीवर केबलचा प्रकार लिहून घ्यावा.

काही नव्या धाटणीच्या डिस्कना वीज मिळूनही त्या झोपून राहतात, त्याचे कारण २०१६ सालच्या सॅटा ३.३ या मानकात आहे. त्यापूर्वी विजेच्या पट्टीतल्या पहिल्या तीन टाचांवर ३.३ व्होल्ट असत. नव्या मानकाने तिसऱ्या टाचेला दूरवरून डिस्क बंद करण्याचे काम दिले. ही सोय असलेली डिस्क जुन्या वीजपुरवठ्यावर लावली की तिसऱ्या टाचेवर सतत व्होल्टेज येते आणि डिस्कला वाटते, आपल्याला बंद राहण्याचाच हुकूम आहे. उपाय म्हणून त्या टाचेवर कॅप्टॉन या वीजरोधक टेपचा बारीक तुकडा चिकटवतात. उपाय चालतो, पण सर्व्हरमध्ये वारंवार डिस्क काढ-घाल होत असल्याने तो टेप सरकतो. ही सोय नसलेले मॉडेल मागवणे बरे.

जुन्या सर्व्हरमध्ये क्षमतेचीही मर्यादा आड येते. पहिल्या पिढीतल्या काही सॅस कार्डांना २ टेराबाइटच्या पलीकडे मोजताच येत नाही. अशा कार्डावर ३.८४ टेराबाइटची एसएसडी लावली तर ती अपुरी दिसते किंवा मुळीच दिसत नाही. इथे कार्डच बदलावे लागते.

वापरलेल्या सॅस एसएसडी घेणाऱ्यांनी ५२० या आकड्याकडे लक्ष द्यावे. सामान्य सर्व्हर डिस्कला ५१२ किंवा ४,०९६ बाइटच्या तुकड्यांत वाचतो. मोठ्या कंपन्यांच्या स्टोरेज यंत्रांमध्ये मात्र प्रत्येक ५१२ बाइटमागे तपासणीसाठी ८ बाइट जादा ठेवून ५२० बाइटचे तुकडे पाडलेले असतात. अशी डिस्क आपल्या सर्व्हरमध्ये लावली की कंट्रोलरच्या यादीत तिचे नाव, अनुक्रमांक, सगळे येते, पण ऑपरेटिंग सिस्टीम तिची क्षमता शून्य दाखवते. विक्रेत्याने फसवले असे वाटून डिस्क परत पाठवली जाते, वास्तविक ‘एसजी-फॉरमॅट’ या साधनाने तिचे तुकडे ५१२ बाइटचे करून घेतले की ती चालू लागते. त्यात डिस्कवरचे सगळे पुसले जाते आणि काम चालू असताना वीज गेली तर डिस्क अर्धवट अवस्थेत अडकून तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, म्हणून ते यूपीएसच्या भरवशावरच करावे.

एनव्हीएमईची स्वतःची कारणे

एनव्हीएमई डिस्क पीसीआय मार्गावर असल्याने तिच्या तक्रारींचे मूळ बहुधा बोर्डच्या मांडणीत असते. चार एम.२ डिस्क बसणारे एखादे कार्ड मोठ्या पीसीआय स्लॉटमध्ये लावले आणि चारपैकी पहिलीच दिसली, तर उरलेल्या तीन खराब नाहीत. त्या स्लॉटच्या सोळा मार्गिका चार-चारच्या चार गटांत विभागण्याची सूचना बायोसमध्ये द्यायची राहिली आहे. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये एकच प्रोसेसर बसवलेला असला, तर दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले स्लॉट मृतवत राहतात. खर्च वाचवण्यासाठी एक प्रोसेसर नंतर घेऊ असे ठरवलेल्या ठिकाणी हे हमखास आढळते. इंटेलच्या सर्व्हरमध्ये ‘व्हीएमडी’ नावाची सोय चालू असेल, तर डिस्क तिच्या आड जातात आणि योग्य ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोज बसवताना यादी रिकामी दिसते. बायोस जुन्या ‘लेगसी’ पद्धतीवर ठेवलेला असेल, तर एनव्हीएमई डिस्कवरून सर्व्हर सुरूच होत नाही.

नव्या पिढीच्या वेगवान डिस्कना लांब किंवा हलकी केबल मानवत नाही. चौथ्या पिढीच्या पीसीआय वेगावर जोडणी टिकत नसेल तर बायोसमध्ये त्या स्लॉटला तिसऱ्या पिढीचा वेग ठरवून द्यावा. डिस्क लगेच स्थिर झाली, तर केबल बदलायची हे निश्चित झाले.

आणि एक कारण असे, जे पाहून माणूस काही काळ चक्रावतो. ‘एलएसपीसीआय’मध्ये डिस्क आहे, ड्रायव्हर तिच्याशी बोलतो आहे, आरोग्यपत्रक उत्तम आहे, पण डिस्क म्हणून काहीच नाही. एनव्हीएमई डिस्कच्या आत ‘नेमस्पेस’ नावाचे कप्पे असतात आणि सिस्टीमला दिसतो तो कप्पा, डिस्क नव्हे. आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी कप्पे काढून टाकले असतील, तर डिस्क पूर्ण निरोगी असूनही रिकाम्या हाताने उभी राहते. कप्पा तयार करून कंट्रोलरला जोडून दिला की काम झाले.

डिस्क खरोखरच गेलेली असते तेव्हा

हार्ड डिस्क मरण्यापूर्वी खडखडते, मंदावते, काही दिवस सूचना देते. एसएसडी पुष्कळदा काल संध्याकाळपर्यंत उत्तम चालते आणि सकाळी नसते. याचे कारण तिच्या रचनेत आहे. एसएसडी कोणतीही फाइल सिस्टीमने सांगितलेल्या जागी लिहीत नाही. चिपची झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ती डेटा सतत हलवत राहते आणि कोणता तुकडा सध्या कुठे आहे याचा तक्ता स्वतःजवळ ठेवते. हा तक्ता म्हणजे जमिनीचा उतारा समजावा. उताऱ्यांचे दप्तरच जळाले तर जमीन जागेवर असूनही कोणती कोणाची हे सांगता येत नाही. तक्ता बिघडला की डिस्कचे फर्मवेअर पुढे जाण्याचे नाकारते आणि डिस्क गप्प बसते किंवा भलतेच नाव सांगते.

असा तक्ता बिघडण्याचे नेहमीचे कारण अचानक गेलेली वीज. एप्रिल-मे महिन्यांत वळीव आला की आपल्याकडे वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या राहून गेलेल्या असतात. त्या क्षणी डिस्क तक्त्याचा नवा भाग लिहीत असेल तर तो अर्धवट राहतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीमध्ये यासाठी छोटे कपॅसिटर असतात. वीज गेल्यावर काही मिलिसेकंद पुरेल इतकी ऊर्जा ते साठवतात आणि तेवढ्यात डिस्क लेखन पुरे करते. घरगुती संगणकाच्या एसएसडीमध्ये ते बहुधा नसतात. दोन्हींची क्षमता सारखी, घरगुतीची किंमत कमी, आणि म्हणून कोटेशनमध्ये घरगुती डिस्क निवडली जाते. सभासदांच्या ठेवींचे हिशेब ज्या यंत्रात आहेत तिथे ही काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिघडलेली डिस्क कधीकधी स्वतःच रोगाचे नाव सांगते. फिसन कंपनीच्या एस११ कंट्रोलरवरच्या डिस्क फर्मवेअर हरवले की मॉडेलच्या जागी ‘सॅटाफर्म एस११’ असे नाव दाखवतात. इंटेलच्या ३२० मालिकेत २०११ साली असा दोष आढळला होता, की वीज गेल्यानंतर शेकडो गिगाबाइटची डिस्क केवळ ८ मेगाबाइटची दिसे; कंपनीने त्याच वर्षी फर्मवेअर दुरुस्त करून दिले. क्रुशियलच्या एम४ डिस्क ५,१८४ तास चालल्यानंतर अडखळू लागत. पुन्हा चालू केल्या की तासाभराने परत नाहीशा होत. त्याचीही दुरुस्ती २०१२च्या जानेवारीत फर्मवेअरनेच झाली. तेव्हा नाव किंवा क्षमता विचित्र दिसली तर ती चूक म्हणून सोडून न देता तशीच्या तशी लिहून ठेवावी, निदानाला तिचा उपयोग होतो.

फर्मवेअरच्या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण २०१९च्या नोव्हेंबरमधले आहे. एचपीई कंपनीने जाहीर केले, की तिच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास पुरे झाल्यावर बंद पडतील आणि त्यानंतर डिस्कही परत मिळणार नाही, डेटाही नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. संगणकात १६ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत ३२,७६७ पर्यंतच मोजता येते, त्यापुढची पायरी म्हणजे हा आकडा. मार्च २०२०मध्ये आणखी काही मॉडेलांबाबत ४०,००० तासांची अशीच सूचना निघाली. यातली भयंकर गोष्ट अशी, की पाडव्याच्या मुहूर्तावर आठ नव्या डिस्क एकाच वेळी चालू केलेल्या असतील, तर आठांचे तास एकत्रच भरतात. एक गेली तर दुसरी आहे, या रेडच्या मूळ गृहीतकालाच तिथे सुरुंग लागतो. नवे फर्मवेअर वेळेत घातलेल्या डिस्कना मात्र काहीच झाले नाही. वर्षातून दोनदा तरी आपल्या मॉडेलची फर्मवेअर-सूचना उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावी आणि गटातल्या सगळ्या डिस्क एकाच तारखेच्या असू नयेत म्हणून एखाद-दुसरी आधीच बदलावी.

डिस्क कुठल्याच टप्प्यावर दिसत नसेल, तर शेवटचा निरुपद्रवी उपाय म्हणजे तिला फक्त वीज देऊन, डेटाची तार न जोडता, वीस-तीस मिनिटे तशीच ठेवणे. त्या वेळात काही डिस्क आपला तक्ता स्वतःच पुन्हा रचतात. त्यानंतर अर्धा मिनिट वीज तोडून हेच आणखी एकदा करावे. सॅटा डिस्कसाठी हे सोपे आहे. बॅकप्लेनवर डेटा आणि वीज एकत्रच येत असल्याने त्यासाठी सुटा वीजपुरवठा वापरावा लागतो. याने सगळ्या डिस्क परत येतात असे नाही, पण बिघाड वाढत तरी नाही. याच्या पुढे चिप उपसून डेटा काढण्याचे प्रयोग सामान्य कार्यशाळेत करू नयेत. आधुनिक एसएसडी डेटा बहुधा कूटबद्ध करूनच चिपवर लिहिते, त्यामुळे चिप वाचली तरी अर्थ लागत नाही. अशा वेळी बॅकअपच कामी येतो. बॅकअपसाठी म्हणून जुनी, झिजलेली एसएसडी लॉकरमध्ये ठेवली असेल, तर तिच्यावरही फार विसंबू नये : जेडेक या संस्थेच्या मानकानुसार सर्व्हरच्या एसएसडीने, तिचे लेखनाचे आयुष्य संपत आले असताना, विजेविना ४० अंश सेल्सियसवर ३ महिने डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा असते. नवी डिस्क याहून खूप जास्त टिकवते.

डिस्क मेलीच असे ठरले, की वॉरंटीच्या दाव्यासाठी मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, अदलाबदलीच्या चाचणीचा निकाल आणि कर्नलच्या नोंदीतल्या त्या वेळच्या ओळी एकत्र पाठवाव्यात. त्याने उलटसुलट विचारणा टळते. मेलेली डिस्क पुसता येत नाही आणि तिच्यावर ग्राहकांची माहिती असते, हे लक्षात ठेवून जुनी डिस्क आपल्याकडेच ठेवण्याची सोय वॉरंटीत आहे का, ते खरेदीच्या वेळीच विचारावे. बदली डिस्क मागवताना क्षमता सेक्टरच्या, म्हणजे वर सांगितलेल्या बाइटच्या तुकड्यांच्या, हिशेबात पाहावी. दोन कंपन्यांच्या ‘त्याच’ क्षमतेच्या डिस्कमध्ये काही सेक्टरांचा फरक असू शकतो, आणि नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा एका सेक्टरने जरी लहान निघाली तरी ती बायोसला दिसते, कंट्रोलरला दिसते, सिस्टीमलाही दिसते, पण रेडचा गट तिला आत घेत नाही.